परदेशातून: गालिबिएचा दगड आणि बेळगावचा उतारा

दर 1 नोव्हेंबरला बेळगावात मराठी माणसं काळा दिवस पाळतात आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास प्रश्न येतो: "युरोपात हद्दी पुसल्या, आपणच का भांडत बसलोय?" मी फ्रान्समध्ये ग्रेनोबलला राहतो म्हणून उत्तराची जबाबदारी माझ्यावर.

इथून जवळच्या गालिबिए खिंडीत, 2642 मीटर उंचीवर, हद्दीचा जुना दगड आहे. एका अंगाला फ्रान्सचं लिलीचं फूल, दुसऱ्या अंगाला तेव्हा फ्रान्सबाहेर असलेल्या साव्हॉयचा क्रूस. सायकलवाले धापा टाकत वर येतात, फोटो काढतात, निघून जातात. एकेकाळी फ्रान्सचा दोफिने प्रांत इथे संपायचा. खाली ग्यिए नदीच हद्द होती, म्हणून पाँ-द-बोव्वाझँ गावाची दोन गावं झाली. आजही एकाच नावाच्या दोन नगरपालिका दोन जिल्ह्यांत आहेत! तंबाखूचा तस्कर लुई मांद्रँ याच हद्दीपलीकडे आसरा घ्यायचा. 1755 मध्ये फ्रेंच करवसुलीवाल्यांच्या माणसांनी साव्हॉयमध्ये घुसून त्याला उचललं आणि वालाँसला त्याला चाकावर हाडं मोडून मारलं. साव्हॉय ज्याच्या ताब्यात होतं, तो सार्डिनियाचा राजा खवळला.

1860 मध्ये साव्हॉय फ्रान्सला जोडलं गेलं आणि दगडाचं काम संपलं. लोक शहाणे झाले म्हणून, असं ग्रुपवरच्या काकांना वाटतं. मला पटत नाही. साव्हॉयचा सरकारी कारभार आधीपासूनच फ्रेंचमध्ये चालायचा. राजा बदलला, पण शेतकऱ्याच्या हातातल्या कागदाची भाषा तीच राहिली. (गावची बोली मात्र पुढे शाळेने संपवत आणली, फ्रान्सचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही सांगावं.)

बेळगाव-निपाणीत भांडण त्या कागदाचंच आहे. 1956 मध्ये हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, 1967 चा सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला, 2004 मध्ये दावा सुप्रीम कोर्टात गेला. एसटीला काळं फासणारे आणि त्यावर महाराष्ट्रात कर्नाटकच्या बसला काळं फासणारे, दोघांचाही मला कंटाळा आलाय. पण आपल्याच जमिनीचा कन्नडमधला उतारा दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या म्हाताऱ्याला "युरोप बघा" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मराठीतून उतारे आणि बसवर मराठी पाट्या द्यायला कोर्टाच्या निकालाची गरज नाही, बंगळुरूने उद्या ठरवलं तरी होईल. आणि मुंबईनेही जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांना कन्नड येणारे शिक्षक द्यावेत.