भाजीत गुपचूप गोळी टाकून दारू सुटत नाही
व्हॉट्सॲपवर परत तेच फिरतंय, नवऱ्याच्या भाजीत न सांगता दारू सोडवायची गोळी कुटून टाका, कायमची सुटेल. नाही सुटत हो. डायसल्फिराम ही गोळी खरी आहे पण ती तलफ मारत नाही, वरून दारू प्यायली की तोंड लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, हार्ट पेशंटचा तर जीवही जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर ती पेशंटला सगळं सांगून, त्याची तयारी असेल तरच देतात. (आणि त्याला कळलं तर घरचं जेवण बंदच करेल तो!) अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, १९३५ पासून चालूय, तिथेही अट एकच, दारू सोडायची इच्छा. तोवर घरच्यांनी अल-अनॉनच्या (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा तसाच गट) मीटिंगला जावं, त्याची उधारी फेडणं, ऑफिसात खोटी कारणं सांगणं थांबवावं.