हिंगण्याची प्रयोगशाळा आणि सुपीरियरचे पाणी

गेल्या महिन्यात गोव्यातल्या डिचोलीहून माझ्या चुलतभावाचा फोन आला, खाणींच्या लिलावाचा विषय निघाला आणि दादा म्हणाला, "नागपूरच्या खाण ब्युरोवर सरकार उगाच पैसा घालवते. तुमच्या अमेरिकेने आपला ब्युरो १९९६ मध्ये बंद केला, काय अडले त्यांचे?" 'तुमच्या' हा शब्द लागलाच, पण त्याहून जास्त लागली ती त्यामागची समजूत, कारण मी राहतो त्या, मिनेसोटातल्या सुपीरियर सरोवराकाठच्या डुलुथचे पिण्याचे पाणी सरकारी संशोधनानेच वाचवले आहे.

इथून उत्तरेला सिल्व्हर बे येथे १९५५ पासून टॅकोनाइटवर प्रक्रिया होत असे. जेमतेम पंचवीस-तीस टक्के लोह असलेला हा कठीण दगड पिठासारखा दळायचा, चुंबकाने लोह वेगळे काढायचे आणि त्याच्या गोळ्या करायच्या, हे तंत्र मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रायोगिक केंद्रात अनेक वर्षे खपून तयार झाले. उरलेला गाळ मात्र दिवसाला सुमारे ६७,००० टन सुपीरियर सरोवरात सोडला जाई. १९७३ मध्ये डुलुथच्या नळाच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससारखे तंतू असल्याचे जाहीर झाले, तेव्हा ते नद्यांनी आणलेल्या मातीतले की कारखान्याच्या गाळातले, हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या इथल्याच प्रयोगशाळेने कमिंग्टनाइट या खनिजाच्या खुणेवरून कारखान्याच्या गाळाचा माग काढला. १९७४ मध्ये न्यायालयाने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला, वरच्या न्यायालयाने तो दोन दिवसांत स्थगित केला, आणि गाळ जमिनीवरच्या तलावात जायला १९८० उजाडले. अमेरिकेचा ब्युरो बंद झाला हे खरे. पण त्याचे खाण-सुरक्षेचे संशोधन दुसऱ्या विभागाकडे गेले आणि पाण्याची ती प्रयोगशाळा सरोवराच्या काठी त्यानंतरही चालू राहिली. एवढे दादाने सांगायला हवे होते.

आपले गोव्याचे लोहखनिज, म्हणजे हेमेटाइट, टॅकोनाइटमधल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजासारखे साध्या चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते धुवावे लागते, आणि चिकणमातीबरोबर अतिसूक्ष्म लोहकणही वाहून टेलिंग पॉण्डमध्ये, म्हणजे गाळ साठवण्याच्या तलावात जातात. ते परत मिळवता आले तर तलावात साठवायचा गाळ तेवढा कमी होईल. म्हणजे खनिजप्रक्रिया आणि प्रदूषण हे मुळात एकाच गाळाचे प्रश्न आहेत. हलक्या प्रतीच्या खनिजावर काम करण्यासाठीच नागपूरजवळ हिंगण्याला आपल्या ब्युरोची खनिजप्रक्रिया प्रयोगशाळा आहे. ती बंद करा असे म्हणण्यापेक्षा तिचे निष्कर्ष मराठीत आणि कोकणीत शिरगाव-साखळी भागातल्या ग्रामसभांपुढे मांडा, अशी मागणी आपण कधी केली?

'आपण' म्हणताना मी अडखळतो. बाबांचा ट्रक खनिज वाहायचा, माझ्या कॉलेजची फी त्यातून भरली गेली, आणि त्याच पावसाळ्यांत आमच्या भातशेतीत तांबडा चिखल उतरत असे, तेव्हा घरात कुणी तोंड उघडले नाही, मीही नाही. मी इथे आलो. दादा तिथेच राहिला आणि तो चिखल दर वर्षी त्यानेच काढला.

म्हणून त्या फोनवर मी त्याला विचारले, शेतातल्या गाळाचा नमुना हिंगण्याला पाठवायचा का. तो म्हणाला, "काढणार कोण? पावसात सगळे एक होते." मी मे महिन्यातले तिकीट काढले आहे.