'नुसती सही' म्हणणाऱ्या महोदयांना

महोदय,

गावातल्या प्रौढांना साक्षर करणाऱ्या साताऱ्याच्या ग्राम शिक्षण मोहिमेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगली बारा ओळींची प्रतिक्रिया दिलीत. वेळ काढून वाचलंत, आभार. पण स्वतःचं नाव न लिहिता "आजीच्या गोधडीत गुंडाळलेला इतिहास" असा शेरा मारायची गरज होती का? मुद्दा मांडायला गोधडी लागत नाही.

आधी माझी चूक. मोहीम १९६१ साली सुरू झाली असं मी लिहिलं होतं, ती १९५९ची. दुरुस्त केलंय.

आता तुमचं ते वाक्य. "चार महिन्यांत नुसती सही शिकवायची आणि गाव साक्षर झालं म्हणून मिरवायचं." हे 'नुसती' कुठून आणलंत? शाईत अंगठा बुडवून तो पदराला पुसणारी बाई तुम्ही जवळून पाहिलीय का? मी तिच्याच मांडीवर वाढलोय.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. दिवसा शाळा, रात्री देवळात कंदिलाच्या उजेडात प्रौढांचा वर्ग. जादा पगार नाही. रॉकेल गावाचं, जागा गावाची, आणि ग्रामदैवतापुढे शपथ घेतली तीही गावानेच. मास्तर कमी पडले तेव्हा सातवी झालेली पोरं उभी केली. तुम्ही त्यांना "अर्धशिक्षित पोरं" म्हणता. वडील त्या पोरांना आधी बजावायचे: मोठ्या माणसाला 'चूक' म्हणायचं नाही, उद्या तो यायचा नाही. सुरुवात अ-आ-इपासून नको, 'घर', 'मका' यापासून करा. पेन्सिल खुरप्यासारखी धरतील, टोक मोडेल, हसू नका. (मी पुढे रीतसर बी.एड. केलं. यातलं एक वाक्य तिथे कुणी सांगितलं नाही.)

त्याच वर्गात मागच्या रांगेत आजी. मुलगा मास्तर, आई विद्यार्थिनी. पाटी पदराखाली झाकून न्यायची. महिन्याभराने तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. "आता वाच," वडील म्हणाले. पहिला शब्द वाचला, मधल्यापाशी गप्प. मधलं नाव आजोबांचं. नवऱ्याचं नाव तिने जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं. तोंडाने घेता येत नव्हतं ते हाताने लिहून बसली होती! वर्गातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, वडिलांनी पाटी हातात घेतली आणि काहीच बोलले नाहीत. ही तुमची नुसती सही.

राहिले तुमचे बाकीचे मुद्दे. आकडे फुगवले, नंतर वाचायला काही दिलं नाही, लोक परत विसरले. असेल काही ठिकाणी. १९६३पासून मोहीम राज्यभर गेली, ती सगळीकडे सारखीच उतरली असा माझा दावा नाही. पण १९७८चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि १९८८चं साक्षरता मिशन वरून, सरकारी फायलींतून आले. त्यांचा राग साताऱ्यावर काढू नका. यावर सविस्तर पुन्हा कधीतरी, सवड झाली तर.

आजीची ती पाटी आमच्या माळ्यावर अजून आहे. लेखासोबत फोटो टाकणार होतो. आता नाही टाकत. तुम्ही तिच्यावरची शुद्धलेखनाची चूक काढाल. आणि चूक आहे, तेही सांगून ठेवतो.