रीत कुठे आहे?

आज नातवाची गणिताची वही पाहिली आणि डोकं फिरलं. सहावीत आहे. गणित असं: एक मीटर कापड ३६ रुपयांना, तर अडीच मीटरचे किती? पोराने सरळ ९० लिहिलंय. बरोबर आहे ना? तर लाल पेनाने भलामोठा शून्य आणि शेजारी शेरा, ‘रीत कुठे आहे? कोणाचं पाहून लिहिलंस?’

कोणाचं पाहून! अहो, छत्तीस दुणे बहात्तर, त्यात निम्मे अठरा, झाले नव्वद. पणजीने शिकवलेली अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा आहे तो.

पणजी म्हणजे माझी आई. लालबागला चाळीत तिची खाणावळ होती, गिरणीतले पंधरा-वीस जण जेवायला. आईची शाळा दुसरीपर्यंत. महिन्याचे १२० रुपये, महिना तिसाचा धरायचा, खाडे वजा. एका वेळचा खाडा म्हणजे अर्धा दिवस. दाराआड भिंतीवर कोळशाने रेघा मारलेल्या असायच्या. पगार झाला की माणूस दारात येऊन उभा राहायचा आणि ही तव्यावरची चपाती उलटता उलटता सांगायची, ‘साडेसतरा दिवस. सत्तर रुपये.’ चपाती करपलेली मला आठवत नाही.

त्या जेवणाऱ्यांत आमचे गणिताचे सरही होते. हे आज पहिल्यांदाच लिहितेय. गावाहून आलेले, एकटे राहायचे. वर्गात सारखं, ‘तोंडी नको, रीत दाखव.’ आणि महिना संपला की आमच्या दारात आई म्हणेल तेवढे पैसे गुपचूप मोजून द्यायचे. तिला नाही कधी रीत विचारली!

संस्कृती संस्कृती म्हणून आपण काय करतो, तर २७ फेब्रुवारीला फेटे बांधतो, लेझीम खेळतो, पोरींना नऊवारी नेसवतो. गणिताचा तास सुरू झाला की त्याच संस्कृतीला वर्गाबाहेर उभं करायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आणि तो लोकांना पाठ असायचा! आपण एकोणतीस म्हणतो तेव्हा तिसातून एक वजा केलेलाच असतो. पावणेदोनशे म्हणतो तेव्हा दोनशेतून पंचवीस. आपलं पोर शाळेत जायच्या आधीपासून हे ऐकत असतं. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे गेले आणि हळूहळू हे पाढेही माळ्यावर गेले. पैसे बदलले ते ठीक. डोकं कशाला बदलायचं?

बरं, बाईंचीही बाजू आहे. साठ-साठ वह्या तपासायच्या, त्यात पायऱ्या नसतील तर पोराला समजलंय की नाही हे कळणार कसं. आणि पुढे बीजगणिताला अडीचकी पुरत नाही, मान्य. पण मग ‘तोंडी कसं केलंस ते सांग’ असं विचारा ना! चोर कशाला ठरवता?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ आलं तेव्हा मीही यथेच्छ खिल्ली उडवली होती, जुने मित्र साक्षीदार आहेत. ‘एकवीस’ मोडलेलं मला आजही आवडत नाही. पण आपण बोलताना एक आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, म्हणून पोरं एकवीसचे १२ करतात, हे खरंच आहे. निदान तिथे कुणीतरी पोराच्या कानावर काय पडतं याचा विचार केला होता.

एकदा सातवीत मी असंच तोंडी उत्तर दिलं. सर म्हणाले, रीत? मी गप्प. ‘आई करते तसं केलं’ एवढंच म्हणायचं होतं, पण खाणावळवालीची पोर म्हणून वर्ग हसेल याची लाज वाटली. रीत मला ठाऊक होती, सरांनाही ठाऊक होती. आदल्या रात्रीच आमच्याकडे जेवून गेले होते. दोघंही गप्प.

मगाशी आईला फोन करून सगळं सांगितलं. तिला राग वगैरे काही नाही. म्हणाली, ‘बाई नवीन दिसते. मुंबईत एकटीच राहते का गं? जेवणाचं काय करते?’