जुन्या .३०३ ला पीप साइट लावली म्हणजे वाट लागली? अजिबात नाही

सध्या एक दावा सगळीकडे फॉरवर्ड होतोय. जुन्या मिलिटरी बोल्ट-अॅक्शन रायफलींना, खास करून ली-एनफिल्डला (हीच ती .३०३), अॅपर्चर म्हणजे पीप साइट (मागच्या बारीक भोकातून बघून नेम धरायची साइट) लावू नका. कारणं चार: सैन्याने ती कधी वापरली नाही, बसवायला रिसीव्हरला (बोल्ट बसतो त्या धातूच्या भागाला) भोकं पाडावी लागतात, कमी उजेडात काही दिसत नाही आणि नेमात फरक शून्य. हे वाचून चाळिशीपुढचे कितीतरी चांगले नेमबाज जुन्या रायफलींचा नाद सोडतील, म्हणून उत्तर देतोय.

सैन्याचं आधी घेऊ. ब्रिटिशांच्या पॅटर्न १४ रायफलीला मुळातूनच पीप होती, तिच्यावरूनच निघालेली एम १९१७ पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बहुतेक अमेरिकन सैनिकांच्या हातात होती. नंबर ४ ली-एनफिल्ड १९३९ ला स्वीकारली तीच पीपसकट, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची स्प्रिंगफील्ड १९०३ए३ आली तिच्यावरही पीपच. आपल्याकडे हा गैरसमज का झाला तेही कळतं, ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात नंबर ४ कधी बनलीच नाही, आपण पोलिसांच्या खांद्यावर बघितली ती बहुतेक जुनी नंबर १ मार्क ३, तिची साइट पुढे बॅरलवर आणि उघड्या खाचेची. ती बघून सगळ्या जगाचं ठरवायचं हे बरोबर नाही.

भोकांचं म्हणाल तर हे रायफलीवर अवलंबून आहे. स्विस के३१ ला रिसीव्हरवर क्लॅम्पने बसणारी डायॉप्टर (टार्गेटची बारीक भोकाची पीप) मिळते, काढली की रायफल होती तशी. नंबर ४ ला पार्कर-हेलची ५सी मूळ साइट काढून असलेल्याच भोकांवर बसते, मूळ साइट डब्यात जपून ठेवा, परत लावता येते. काही साइट्सना ड्रिल आणि टॅप (भोक पाडून आटे कापणं) लागतंच, आणि सगळ्या भागांवरचे नंबर जुळणाऱ्या अखंड रायफलीला ड्रिल लावायला माझा ठाम विरोध आहे. पण मग त्या साइटला नाही म्हणा ना, सगळ्याच पीपला कशाला? (भारतात .३०३ सामान्य माणसाला लायसन्सवर मिळत नाही, .३१५ बोअरच्या रायफलवाल्यांनीही काही बदलायचं तर लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच जा.)

उजेडाचा मुद्दा अर्धा खरा. टार्गेटचं एक-सव्वा मिलिमीटरचं भोक संध्याकाळी खरंच निरुपयोगी, पण मोठं भोक लावलं की चालतं, आणि बऱ्याच टार्गेट साइट्सना भोक लहान-मोठं करायची सोय असते.

आता फरक शून्य म्हणणाऱ्यांचं. उघड्या साइटला डोळ्याला तीन गोष्टी एकदम बघायच्या असतात, खाच, पुढची ब्लेड (बॅरलच्या टोकावरची उभी पट्टी) आणि टार्गेट, आणि एका वेळी फोकस एकावरच होतो. चाळिशीनंतर तर हातभर अंतरावरची खाच धुरकटच दिसते, कितीही ताणा. पीपमध्ये मागचं भोक बघायचंच नसतं, त्यातून बघायचं असतं, फोकस फक्त ब्लेडवर ठेवायचा, आणि भोक बारीक असलं की ब्लेड आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात. शिवाय पीप मागे डोळ्याजवळ असली की मागच्या-पुढच्या साइटमधलं अंतर वाढतं. नंबर १ च्या दोन साइट्समध्ये सुमारे ४९ सेंटिमीटर, नंबर ४ मध्ये सुमारे ७३, म्हणजे साइट जुळवताना ०.१ मिलिमीटरची चूक झाली तर १०० मीटरवर गोळी पहिलीत सुमारे २० मिलिमीटर सरकते आणि दुसरीत १४. बॅरल झिजलेली असेल किंवा अॅम्युनिशन खराब असेल तर पीप काही करणार नाही, ती फक्त तुमच्या डोळ्याची चूक कमी करते. रशियन मोसिन आणि जर्मन मॉझर रायफलींना मूळ साइटच्या जागीच बसणाऱ्या पीप मिळतात, त्यात अंतर जवळपास तेच राहतं, फायदा फक्त फोकसचा, हे घेण्याआधी माहीत असू द्या.

बसवताना मात्र एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे पुढची ब्लेड. नवी साइट मूळपेक्षा उंच बसली की गोळ्या वर लागतात, साइट खाली आणून भागत नसेल तर उंच ब्लेड लागते, आणि खाली लागत असतील तर बुटकी. नंबर ४ च्या ब्लेड ०.०१५ इंचाच्या टप्प्याने मिळतात, एक टप्पा म्हणजे १०० मीटरवर साधारण ५ सेंटिमीटर. आधी २५ मीटरवर कागदावर बघून घ्या, मग ब्लेड मागवा.