भावी दानशूरांसाठी काही सूचना

समाजसेवेची ओढ असलेल्या सोलापूरच्या तरुणांनी सर्वप्रथम सोलापूर सोडावे. पूर्व भागातील विडी कामगारांच्या मुलांना संध्याकाळी गणित शिकवणे हा वेळेचा अपव्यय असून, वांद्रे-कुर्ला संकुलातील एखाद्या गुंतवणूक बँकेत शिरावे, अमाप कमवावे आणि मग दान करावे, असा नवा विचार आहे. तो मला दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या भाच्याने ऐकवला. आमच्या अभ्यासिकेत दोन तास शिकवशील का, एवढेच मी विचारले होते. त्याने मोबाइलवर आकडेमोड करून आपल्या एका तासाचे मोल दाखवले आणि म्हणाला, "मामा, मी शिकवण्यापेक्षा पैसे दिलेले तुम्हाला स्वस्त पडतील." पैसे अर्थातच पुढच्या बोनसनंतर यायचे आहेत.

तेव्हा दानाची घोषणा आधी करावी, रक्कम नंतर ठरवावी.

या विचाराला ऑक्सफर्डचा आधार आहे, हे आवर्जून सांगावे. मात्र तेथे तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांनी 2009 मध्ये उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची जी प्रतिज्ञा सुरू केली, ती चालू पगारातून पाळायची असते, हा गैरसोयीचा तपशील वगळावा. दान करण्यासाठीच वित्तक्षेत्रात गेलेल्या सॅम बँकमन-फ्राइड यांचे नावही घेऊ नये. त्यांची एफटीएक्स ही आभासी चलनाच्या व्यवहारांची कंपनी 2022 मध्ये कोसळली आणि ग्राहकांच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल 2024 मध्ये त्यांना 25 वर्षांची शिक्षा झाली.

नव्या करप्रणालीत दानावरची करवजावट मिळत नसल्याने दानाचा उत्साह मावळला, तर तो दोष सरकारचा समजावा.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक पाहायला मात्र चुकूनही जाऊ नये. मुंबईत वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या या सोलापूरकराने तेथेच उत्तम दवाखाना थाटून, रुग्णांकडून भरघोस शुल्क घेऊन, त्यातला काही भाग पुढेमागे चीनला पाठवायला हवा होता. ते सोडून हा गृहस्थ 1938 मध्ये स्वतःच युद्धभूमीवर गेला, जखमी सैनिकांवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करीत राहिला आणि 1942 मध्ये वयाच्या 32व्या वर्षी तिकडेच मरण पावला. केवढा हा हिशेबाचा अडाणीपणा! आज तो असता, तर एखाद्या पोरसवद्या विश्लेषकाने त्याला त्याच्या तासाचा भाव काढून दाखवला असता, आणि शस्त्रक्रियेसाठी स्थानिक माणूस नेमणे कसे किफायतशीर आहे, तेही समजावले असते.

पुरे झाले. गलेलठ्ठ पगार मिळवण्यात काहीही गैर नाही, आणि त्यातून खरोखर देणाऱ्यांपुढे मी हात जोडतो. पण तुम्ही देत नाही. तुम्हाला मोठी गाडी हवी आहे, हिंजवडीत दुसरा फ्लॅट हवा आहे. ते खुशाल घ्या, त्याला परोपकाराचे नाव कशाला? अभ्यासिकेचे वीजबिल दर महिन्याला येते. द्यायचे असेल तर याच महिन्याच्या पगारातून द्या, नसेल तर तोंडावर नाही म्हणा. पण कारखान्यातून सुटून दमलेला जो माणूस फळ्यासमोर उभा राहतो, त्याला त्याच्या कामाची किंमत शिकवू नका. आणि चुकून दिलेतच, तर शाल-श्रीफळाची वाट पाहू नका. त्यासाठी आमच्याकडे पैसे नाहीत.