आधी धवलेरीचं गाणं, मग चित्र

वारली देवकथांवर ॲनिमेशनपट करायचा म्हटलं की पहिली बैठक चित्रांवरच रंगते. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा, टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. मीही एकदा हेच केलंय. एका छोट्या फिल्मसाठी तारपा नाच काढला, नाचणाऱ्यांची एक वॉक सायकल (पुन्हा पुन्हा तीच चालणारी पावलांची चित्रमालिका) बनवली, ती गोल फिरवत ठेवली आणि खाली आयतं संगीत लावलं. लोकांना आवडलं. मला आज ते बघवत नाही.

कारण तारपा नाच तसा चालतच नाही. भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचं ते वाद्य. वाजवणाऱ्याने सूर बदलला की पावलं बदलतात, फेर वळतो. त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. नाचाचं टायमिंग त्याच्या श्वासात असतं, आणि मी ते सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसलो होतो.

लग्नाच्या चौकाचं, म्हणजे लग्नघरात भिंतीवर काढतात त्या चित्राचंही तेच. पालघट देवीचा चौक सुवासिनी ‘लिहितात’. लग्न लावते ती धवलेरी, आणि देवांना बोलावते ती गाण्यातून. आपण गाणं तिथेच सोडलं, भिंतीचा फोटो तेवढा घेऊन आलो आणि त्यावर प्रमाण मराठीतलं निवेदन चढवलं!

म्हणून माझा आग्रह आहे की स्टोरीबोर्डच्या, म्हणजे दृश्यांच्या कच्च्या चित्रांच्या आधी डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जा. धवलेरीची परवानगी घ्या, तिचं गाणं तिच्याच वारलीत, न कापता रेकॉर्ड करा. ॲनिमेशनमध्ये एरवीही आवाज आधीच होतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दहा मिनिटांच्या फिल्मला १४,४०० फ्रेम लागतात, दोन फ्रेमना एक चित्र धरलं तरी ७,२०० चित्रं. एवढं काढायला वेळ आहे, मग तिच्या अंगणात बसायला का नाही?

आणि पटकथेच्या श्रेयात तिचं नाव हवं, मानधनाचा लेखी करार हवा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, चित्रकारांची नावं निदान आपल्याला कळली. गाणारी बाई मात्र ‘लोकपरंपरा’ या एका शब्दात गडप होते. ‘फ्रोझन २’च्या वेळी डिस्नेने सामी या उत्तर युरोपातल्या आदिवासी लोकांच्या संसदांशी लेखी करार केला होता, त्यांच्यातले जाणकार सल्ल्याला घेतले होते आणि २०१९ मध्ये तो चित्रपट उत्तर सामी भाषेतही आला. एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं ते चार जणांच्या टीमला सहज जमेल.

एखाद्या कडव्याला ती म्हणाली, ‘हे बाहेर दाखवायचं नाही’, तर ते कडवं फिल्ममध्ये नसेल. मग कथेत भोक पडलं तरी चालेल.